उलटी गाठ

बर्फाच्या कारखान्यामागे माझं भंगाराचं दुकान.
हर्णै बंदरात जे जे निकामी होतं
ते आधी मांजरांना, मग कावळ्यांना, मग मला.
पत्रा वेगळा, पितळ वेगळं,
इंजिनाचं काळं तेल डब्यात.
नायलॉन बारा रुपये किलो, ओलं असेल तर दहा.
थर्माकोल मी घेत नाही. थर्माकोल कुणीच घेत नाही.

ती घ्यायची.
देवरुखची केतकी, चित्रकला शिकलेली,
पाऊस ओसरल्यावर आली, भाड्याच्या स्कूटरवरून.
ओहोटीला गोण घेऊन चालायची,
आणि पहिल्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं
जे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं:
आपल्या किनाऱ्याला फक्त डाव्या चपला लागतात,
उजव्या आंजर्ल्याला जातात.
मी हसलो. रविवारी मुद्दाम आंजर्ल्याला जाऊन आलो.
खरं होतं.

तिला गोधडी करायची होती.
कुणाच्या अंगावर घालायची, विचारलं, तर म्हणाली,
"अजून ठरलं नाही."
पंधरा हात लांब. फाटकी जाळी, ताडपत्री,
सलाईनच्या नळ्या, मखराचा सोनेरी कागद,
रेनकोटची एक बाही,
शांपूच्या पुडीवरची अर्धी बाई, हसणारी.
सगळं माझ्या शेडमध्ये पसरलेलं.
गिऱ्हाईक पाय ठेवायला जागा शोधायचं.

हरेश्वर पावसे रोज दुपारी येऊन बसायचा.
पाजपंढरीचा. गुडघे गेल्यापासून होडीवर जात नाही,
जाळी शिवतो. विडी ओढत नाही, बोलत नाही.
तिचं शिवणं त्यानं तीन दिवस पाहिलं.
चौथ्या दिवशी म्हणाला,
"पोरी, ही गाठ नाय. हा गुंता हाय."
आणि खिशातली सुई काढून खाली बसला.

मग माघातली ती दुपार.
वाळूखालून उपसलेलं हिरवं जाळं, शिंपले धरलेलं,
भोक एवढं की वासरू निघून जाईल.
तिला भोकच हवं होतं, गोधडीच्या मधोमध.
"यातून मागचा उजेड दिसेल," म्हणाली.
हरेश्वरचा हात जाळ्यावर फिरता फिरता थांबला.

हरेश्वर डावखुरा.
सगळ्या बंदराची गाठ एका अंगाला पडते,
त्याची दुसऱ्या.
अक्षर ओळखावं तसं त्यानं ते ओळखलं.
फयानच्या साली धाकट्या पदमाकरला शिवून दिलेलं.
त्या होडीची फळीसुद्धा परत आली नव्हती.

मी काटा पुसत राहिलो. पुसलेलाच काटा.
केतकीनं मोबाइल खिशात घातला, फोटो न काढता.

सकाळी शटर उघडलं तर भोक नव्हतं.
(चावी त्याच्याकडे कशी, विचारू नका. मीच दिली होती.)
रात्रभर बसून आसाला आस जोडलेला
नव्या पांढऱ्या दोऱ्यानं, हिरव्यात पांढरा,
लपवायचा प्रयत्नही नाही.
मला वाटलं, आता ही रडणार, किंवा भांडणार.
महिन्याचं काम, आणि मधोमध उजेड नाही.
ती त्या पांढऱ्यावर बोटं फिरवत बसली,
मग म्हणाली, "चहा सांगा. तीन."

गोधडी टेम्पोनं रत्नागिरीला गेली, प्रदर्शनात.
खाली पाटी: तिचं नाव, आणि त्याचं.
एका साहेबानं विचारलं म्हणे,
मधलं हे ठिगळ कशाचं प्रतीक?
हरेश्वर म्हणाला, "मधी भोक होतं."

विकली गेली नाही. परत आली.
मी काट्यावर घातली, सवय.
एकेचाळीस किलो भरली.
बाराच्या भावानं हिशेब मनात झालाच, पाचशेच्या आत;
मनाला कुठे लाज असते.
गाठी धरून की सोडून?
गाठीचं वेगळं वजन येत नाही.

आता ती शेडच्या आढ्याला टांगलेली.
वारा सुटला की तिच्यातून अजून वाळू पडते,
मी झाडून घेतो.
केतकी कोल्हापूरला कुठल्याशा शाळेत शिकवते,
दिवाळीत फोन करते, चपलांची चौकशी करते.
हरेश्वर सोमवारी येतो.
खालूनच मान वर करून, डोळे बारीक करून बघतो.
"उंदीर तर नाय ना लागलं रं?"
नाही, म्हणतो मी.
तरी सुई बरोबर आणलेली असते.